पी-चारचा तिसरा क्यूब

हेल्मेट पिवळं, त्यावर हैदराबादच्या कंपनीचं नाव.
जीपच्या काचेवर पाटी : महाराष्ट्र शासनाच्या कामावर.
पगाराच्या चिठ्ठीवर तिसराच कुणी,
ओम लेबर सप्लायर्स, गाळा क्रमांक नऊ.
त्या गाळ्याचं शटर मी आजवर उघडं पाहिलेलं नाही.

पारोळ्याच्या बाजारात उखर्डूनाना विचारतात,
"भो, तू सरकारमा शे का कंपनीमा?"
मी म्हणतो, लॅबमध्ये.
त्यांना वाटतं, रक्त तपासतो.

तसं ते फार चुकीचं नाही.
बोरीवरच्या पुलाचा खांब भरला जातो रात्री,
कारण दिवसा लोखंडाला हात लावला तर कातडी तिथेच राहते.
अमळनेरहून बर्फाच्या लाद्या येतात, मिक्सरात फुटतात,
आणि मी घमेल्यातून थोडंसं काँक्रीट काढून घेतो.
सहा साचे. प्रत्येक थराला पस्तीस ठोके.
सकाळी साचा सोडायचा, खडूने तारीख घालायची,
टाकीत बुडवायचं.
तीन सात दिवसांनी फोडायचे,
तीन अठ्ठाविसाव्या दिवशी.

पगारही साधारण अठ्ठाविसाव्या दिवशीच होतो.
कधी बेचाळिसाव्या.

मागे ताडपत्रीखाली दुसरी टाकी आहे.
तिच्यातले क्यूब माझ्याच हातचे,
सिमेंट सढळ, वाळू धुतलेली,
देखणे, कडा धरून बसलेले.
ते कुठल्याच खांबाचे नाहीत.
ज्या खांबाला गरज पडेल त्याचा नंबर त्यांना मिळतो.

पी-चारला गरज पडली.
पहिला क्यूब सहाशे चाळीसला गेला.
दुसरा सहाशे बावीस.
लागतात सातशे सत्त्याऐंशी.
मशीनचा काटा परत शून्यावर आला
आणि लॅबमध्ये फक्त कूलरचा आवाज.

शेषगिरी साहेब रागावले नाहीत.
ते कधीच रागावत नाहीत.
माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"ब्रिज क्यूब पे थोडे ही खड़ा है?"
मग ताडपत्रीकडे बघितलं.
मी रजिस्टरात आकडे आधी लिहिले,
क्यूब नंतर फोडले.
दुपारी शाखा अभियंता वाणी साहेब आले,
गाडीची काच अर्धी खाली करून सही केली
आणि विचारलं, इथे शेवभाजी कुठे चांगली मिळते.

मी सांगितलं.
सांगताना मला त्या ढाब्याचा मालक, त्याच्या पोराचं नाव,
रस्सा किती तिखट, सगळं आठवलं.
दुसरं काही आठवलं नाही.

पी-चारचा तिसरा क्यूब फोडायचाच राहिला.
"फेक दो," म्हणाले.
आठ किलो तीनशे ग्रॅम.
डब्याच्या पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवला
आणि घरी आणला. का, ते विचारू नका.
आईने माठाच्या तिपाईच्या आखूड पायाखाली सरकवला.

बहिणीच्या सोयरिकीत बाबा पाहुण्यांना म्हणाले,
"भाऊ सरकारी कामावर आहे."
मी पाण्याचे ग्लास भरत होतो.
खोटं तरी कुठे होतं.

आता कॅम्प उठला. मशीन गेलं छत्तीसगडला,
शेषगिरी साहेबही. मलाही विचारलं होतं.
पुलावरून एसटी जाते, कापसाचे ट्रक जातात,
शाळेची पिवळी गाडी जाते.
पी-चारजवळ आलो की मी गिअर बदलतो, उगाच.

काँक्रीट पाण्यात वाढतं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं.
हळूहळू, वर्षानुवर्षं, ओल असेल तोवर.
माठ पाझरतो. थेंब क्यूबवर पडतो.
खडूचा आकडा कधीच गेला, कोपऱ्यात हिरवं धरलंय.
एखादे वेळी वाटतं, आता असेल तो सातशेच्या वर.
तपासणार कशावर?

आई म्हणते, "आखो एक लई ये,
दुसरा पाय बी हालस."